एसबी रोडमधला एसबी कोण? पाटीवरचा माणूस शोधायची आणि गल्लीला सांगायची माझी पद्धत

आत्ता मोबाईल बाजूला ठेवा आणि तुमच्या घराजवळच्या रस्त्याचं पूर्ण नाव सांगा. एफसी, एसबी, डीएन, एसके बोले असं नाही, पूर्ण. मग त्या माणसाने केलेली एक गोष्ट सांगा, एकच, पण "स्वातंत्र्यसैनिक होते" किंवा "थोर समाजसुधारक होते" हे चालणार नाही कारण ते कुणालाही लागू पडतं. मी हा प्रश्न गेली चार वर्षं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, शाळेतल्या मुलांना, रिक्षावाल्या काकांना विचारतेय आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस गप्प होतो. राग नाही येत मला, वाईट वाटतं. हा देश ज्यांनी उभा केला त्यातली पाच-सहा नावं आपण नोटांवर, तसबिरींत आणि भाषणांत ठेवली, बाकीची शेकडो माणसं रस्त्यांना आणि चौकांना दिली, आणि तिथे गेल्यावर त्यांची नुसती आद्याक्षरं उरली.

मी पुण्यात सेनापती बापट रस्त्याजवळ राहते आणि वीस वर्षं मीसुद्धा एसबी रोडच म्हणत होते. एकदा ठरवलं की या माणसाची नीट ओळख करून घ्यायची, मग त्यातून शेजारचा चौक, मग माहेरच्या गावातला स्तंभ असं वाढत गेलं. खाली जे लिहितेय ते करून बघितलेलं आहे. एका माणसासाठी साधारण दोन महिन्यांचे शनिवार-रविवार लागतात, खर्च म्हणजे झेरॉक्स आणि बसचं तिकीट. इतिहासाची पदवी लागत नाही.

आधी पाटी नीट वाचा

रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, गाडीवरून नाही. एकाच रस्त्यावर तीन-चार पाट्या असतात आणि सगळ्यांवर सारखं लिहिलेलं नसतं, नव्या पाटीवर नाव आखडतं केलेलं असतं आणि जुन्या, कोपऱ्यात झाडामागे गेलेल्या पाटीवर पूर्ण मिळतं. कोनशिला असेल तर तिचा फोटो सकाळच्या तिरक्या उन्हात काढा, कोरलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात, दुपारी काही वाचता येत नाही. कोनशिलेवर कुणाच्या हस्ते आणि कुठल्या तारखेला ते असतं, ती तारीख पुढे फार कामाला येते.

नावाच्या आधीची उपाधी सोडू नका, अर्धी माहिती तिथेच असते. एफसी रोड म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रोड, पण त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावरून आहे, आणि त्यातलं "नामदार" म्हणजे नुसता मान नाही, ते कायदेमंडळाचे सभासद होते म्हणून ते नामदार. म्हणजे त्यांचं काम शोधायला कायदेमंडळात जायचं. "हुतात्मा" असेल तर मृत्यूची तारीख आणि जागा शोधा, तिथे सगळी गोष्ट सापडते, जसं हुतात्मा बाबू गेनू, मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं म्हाळुंगे पडवळ, मुंबईत मजुरी करायचे आणि १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच्याखाली गेले. स्वारगेटच्या चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचं नाव आहे, रोज हजारो लोक तिथून एसटी पकडतात, आणि हे जेधे संविधान सभेचे सदस्य होते हे मी विचारलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आमच्याकडे "सेनापती" होतं, मला वाटायचं सैन्यातले कुणी असतील. नव्हते. त्यावर पुढे येते.

रस्त्याचं जुनं नावही विचारून घ्या. मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे कारण तिथे लोकांच्या तोंडी जुनंच बसलेलं आहे, तुळशी पाईप रोड म्हणजे सेनापती बापट मार्ग, डिलाईल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला. जुन्या पेपरात आणि जुन्या नकाशात सर्च करताना जुनं नाव माहीत नसेल तर हाताला काहीच लागत नाही.

नक्की कोण हे पक्कं करा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि एकदा चूक झाली की ती बॅनरवर जाते, मग वर्षानुवर्षं तीच फिरते. पेडर रोडचं उदाहरण घ्या. त्याचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. आता गोपाळराव देशमुख म्हटल्यावर मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात लोकहितवादी येतात, गोपाळ हरी देशमुख, १८२३ ते १८९२. पण नावाआधी "डॉ." आहे ना, तिथे थांबायचं. हे दुसरे, डॉ. गोपाळ विनायक देशमुख, सर्जन होते आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात होते, हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारा १९३७ चा कायदा त्यांनी लावून धरला, त्या कायद्याला लोक देशमुख कायदाच म्हणायचे. हक्क मर्यादित होता, म्हणजे ती मिळकत तिच्या हयातीपुरती, पूर्ण मालकी १९५६ च्या कायद्याने आली, पण आधी दार कुणी किलकिलं केलं तर यांनी. माझ्या आजीच्या पिढीतल्या किती बायकांच्या डोक्यावर त्या कायद्यामुळे छप्पर राहिलं असेल, आणि त्यांच्या नावाच्या रस्त्याला आपण आजही एका इंग्रज साहेबाच्या नावाने हाक मारतो.

दुसरी अडचण उलटी आहे. घराघरात आपण काकासाहेब, बाळासाहेब, भाऊसाहेब म्हणतो आणि सरकारी कागदात त्याच माणसाची आद्याक्षरं असतात. काकासाहेब गाडगीळ शोधायचे तर एन. व्ही. गाडगीळ, बाळासाहेब खेर म्हणजे बी. जी. खेर, दादासाहेब मावळंकर म्हणजे जी. व्ही. मावळंकर, आणि पंजाबराव देशमुख तर पी. एस. देशमुख नावाने मिळतात. विदर्भातल्या लोकांनी प्रांत "मध्यप्रांत आणि वऱ्हाड" असा बघायचा, महाराष्ट्र तेव्हा नव्हताच. मराठवाड्यातल्या लोकांनी संविधान सभेच्या यादीत आपला माणूस शोधत बसू नये, हैदराबाद संस्थानाचे प्रतिनिधी त्या सभेत आलेच नाहीत, तिथली माणसं हैदराबाद मुक्तिसंग्रामात शोधायची, १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत. आणि तिथेही नावाचा घोळ आहेच, स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासानंतरचं नाव, घरचं आडनाव खेडगीकर, त्यामुळे संन्यास घेण्याआधीचे कागद त्या आडनावाने बघावे लागतात.

कधी कधी पाटीवर माणूसच नसतो, तारीख असते. पणजीला १८ जून रस्त्यावर खरेदी करून येणाऱ्या माझ्या मावसबहिणीला विचारलं की १८ जूनला काय झालं होतं, ती म्हणाली सुट्टी असावी. १८ जून १९४६ ला मडगावला राममनोहर लोहियांनी पोर्तुगिजांची सभाबंदी मोडून भाषण करायला सुरुवात केली आणि गोव्याच्या लढ्याने वेग घेतला. अशा वेळी तारखेवरून माणसापर्यंत जायचं.

शोधायचं कुठे

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करा, ऑनलाइन फुकट आहे, नोंद छोटी असते पण जन्म-मृत्यू, गाव, मुख्य काम एवढं धडपणे मिळतं. मग राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाची जिल्हा गॅझेटियर, त्या विभागाने स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोशही काढलेत, त्यात अगदी तीन महिने शिक्षा भोगलेल्या माणसाचीसुद्धा दोन ओळींची नोंद असते. हे मोठ्या वाचनालयात मिळतात.

पण खरा खजिना आहे तो तुमच्या गावातलं किंवा पेठेतलं जुनं वाचनालय, शंभर वर्षं झालेलं, ज्याच्या खाली आता झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे जाऊन "अमुक माणसावर पुस्तक आहे का" असं विचारू नका, नाही म्हणतील. स्मरणिका मागा. शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, सहकारी बँकेची, तालीम मंडळाची, आणि गौरवग्रंथ. या गोष्टी कुणी वाचत नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर असतात, आणि त्यात त्या माणसाच्या बरोबर काम केलेल्या लोकांनी लिहिलेलं असतं. मला सेनापती बापटांबद्दलच्या आठवणींचं सगळ्यात जिवंत पान अशाच एका शाळेच्या स्मरणिकेत मिळालं. पेनाऐवजी पेन्सिल न्या आणि प्रत्येक माहितीपुढे पान नंबर तिथेच लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की हमखास राहतं, मी दोनदा परत हेलपाटे घातलेत.

तुमचा माणूस संविधान सभेत असेल तर नशीबवान आहात. सभा ९ डिसेंबर १९४६ ला बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं, या काळातला शब्दन् शब्द छापलेला आहे, लोकसभेच्या वेबसाईटवर इंग्रजीतून आणि हिंदीतूनही वाचता येतो. तिथे आद्याक्षरांनी सर्च करा. ही पानं वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं की ही माणसं पुतळे नव्हती, वाद घालायची, हरायची. मध्यप्रांताकडून गेलेल्या एच. व्ही. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली, अध्यक्ष आणि बाकीचे म्हणाले मागे घ्या, ते नाही म्हणाले, १७ ऑक्टोबर १९४९ ला मतदान झालं, ४१ बाजूने आणि ६८ विरुद्ध. तुमचं मत कुठल्याही बाजूचं असो, देवाच्या नावावरसुद्धा हात वर करून मोजणी झाली आणि हरलेल्या माणसाने निकाल मान्य केला हे शाळेतल्या पोरांना सांगितलं की ती सावरून बसतात, हा माझा अनुभव आहे.

गावात असाल तर पंचायत समितीच्या आवारात जा. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ च्या सुमारास, देशभर तालुक्या-तालुक्यात दगडी स्तंभ उभे केले, एका बाजूला संविधानाची उद्देशिका आणि बाकी बाजूंना त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. बऱ्याच ठिकाणी आता त्याला मोटारसायकली टेकवलेल्या असतात आणि खालच्या ओळी मातीत गेलेल्या असतात. ओल्या फडक्याने पुसा, ब्रश किंवा ॲसिड अजिबात नको, मग नावं वहीत उतरवा. माझ्या माहेरच्या स्तंभावर तेवीस नावं निघाली, त्यातल्या अठरा आडनावांची घरं अजून गावात आहेत. आणि एकही बाई नाही. ज्या घरांत भूमिगत लोक राहायचे तिथे भाकऱ्या कोण थापत होतं, निरोप कोण पोचवत होतं हे त्या दगडावर नाही, ते घरांत जाऊनच विचारावं लागतं.

घरी गेल्यावर कसं विचारायचं

आधी फोन करा, एखाद्या ओळखीच्याला मध्ये घ्या, आणि पहिल्या भेटीत काही मागू नका. "तुमचे आजोबा किती महान होते" असा प्रश्न विचारला की ठरलेलं भाषण मिळतं. त्यापेक्षा विचारा की ते तुरुंगात असताना घर कसं चाललं, शेत कुणी केलं, डबा घेऊन कोण जायचं, सुटून आले तेव्हा कसे दिसत होते. एका घरात मला ऐंशीच्या पुढच्या आत्याबाई म्हणाल्या की दादा येरवड्याहून आला तेव्हा आईने त्याला ओळखलाच नाही, आवाजावरून ओळखलं. ही एक ओळ दहा भाषणांना भारी आहे.

वर्षं कुणाला आठवत नाहीत आणि दामटून विचारलं तर लोक चुकीची सांगतात. त्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेल्या घटनेला बांधून विचारा, पानशेतच्या आधी का नंतर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते होते का, बहात्तरच्या दुष्काळात कुठे होते, गिरण्यांचा संप झाला तेव्हा. पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, संप जानेवारी १९८२, मग वर्ष तुम्ही आपोआप काढू शकता.

घरातून ताम्रपत्र, पत्रं, फोटो निघतात. जागेवरच, खिडकीच्या उजेडात मोबाईलने फोटो काढा आणि वस्तू तिथेच परत द्या, घरी नेऊ नका, दिलं तरी नको म्हणा. आणि कृपा करून कुणाला लॅमिनेशन करायला सांगू नका, चिकटपट्टीही नको, जुना कागद त्याने कायमचा जातो. साधा पांढरा कागद मध्ये घालून सपाट ठेवायला सांगा, कोरड्या कपाटात, बाथरूमच्या भिंतीला लागून नाही.

सगळं नको, एक गोष्ट निवडा

इथपर्यंत आलात की वही भरलेली असते आणि सगळं सांगावंसं वाटतं. मोह टाळा. लोकांच्या लक्षात राहतं ते एक काम, तारखेसकट, आणि शक्यतो ऐकणाऱ्याच्या आजच्या आयुष्याला लागून असलेलं.

दादरचा एसके बोले रोड घ्या. सिद्धिविनायकाला जाणारे किती लोक त्यावरून चालतात. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असतील. त्याच्या आधारे महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण कागदावरच, प्रत्यक्ष पाण्याला हात लावू देईनात, आणि म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. महाड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या आधीचा हा ठराव आणि तो मांडणारा माणूस रस्त्यावरच्या दोन अक्षरांत अडकून बसलाय.

गोखल्यांचं म्हणाल तर मी नेहमी १९११ चं बिल सांगते. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत व्हावं म्हणून त्यांनी ते कायदेमंडळात मांडलं, १९१२ साली सरकारी बाजूच्या मतांनी ते पडलं, आणि शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जवळपास शंभर वर्षं. एफसी रोडवर शाळेच्या गणवेशात बसलेल्या मुलांना हे सांगून बघा. आणि दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले ते फक्त पाच मतांनी, हे आमच्या सोसायटीत मतदानाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं.

आता सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे. मुळशीला टाटा कंपनीचं धरण होत होतं, त्यात मावळातल्या शेतकऱ्यांची गावं आणि भातखाचरं जाणार होती, १९२१ ते १९२४ शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, बापट त्याचे पुढारी, तुरुंगात गेले, आणि लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं ते इथून. लढा हरला. धरण झालं. हे लपवू नका, आपण हरलेल्या लढ्यांच्या माणसांबद्दल बोलताना गडबडीने पुढे जातो आणि मग गोष्ट खोटी वाटायला लागते. त्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते आणि ती मुंबईला जाते, आणि मुंबईतला सेनापती बापट मार्ग परळच्या जुन्या गिरण्यांच्या कडेने जातो. ज्या शहराच्या विजेसाठी गावं बुडाली त्याच शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान याच माणसाला दिला गेला.

हे मी आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाला चार मिनिटांत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोहे खाल्ले, संपलं असं वाटलं. मग आमच्या लिफ्टचं काम बघायला येणारे काका थांबले आणि म्हणाले, "ताई, आमचं जुनं गाव त्याच पाण्यात गेलंय. घरात आजी सेनापती, सेनापती करायची, मला वाटायचं देवाचं नाव आहे." ते वीस वर्षं या रस्त्यावर कामाला येतायत आणि एसबी रोड म्हणजे तेच सेनापती हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे आजीची ही गोष्ट आहे हे आम्हाला. त्यांच्याबरोबर एक पूर्ण रविवार बसून मी सगळं रेकॉर्ड केलं. आधी मी पुस्तकं शोधत होते, खरं तर त्या रस्त्यावर रोज येणाऱ्या माणसांना आधी विचारायला हवं होतं, म्हणून तुम्ही हे पहिल्या आठवड्यातच करा.

फॉरवर्डबद्दल

व्हॉट्सअपवर आलेलं एकही वाक्य वापरू नका जोपर्यंत ते कुठे आणि कधी म्हटलं हे सापडत नाही. सुंदर वाक्य आणि खाली थोर माणसाचा फोटो, नव्वद टक्के वेळा यातलं काहीतरी एक चुकीचं असतं असं माझं मत आहे, आणि फोटोसुद्धा दुसऱ्याचा असू शकतो. माझा नियम साधा आहे, प्रत्येक तारीख दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडली तरच बोर्डावर, आणि दोन वेबसाईटनी एकाच ठिकाणाहून कॉपी केलेलं असेल तर ते एकच धरायचं. भांडणंही गाळू नका. गोखले आणि टिळक यांचं पटायचं नाही, १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, दोघांची नावं पुण्यातच मोठ्या रस्त्यांना आहेत आणि दोघंही आपलेच आहेत. मुलांना हे व्यवस्थित कळतं, मोठ्यांनाच भीती वाटते.

सांगायचं कधी आणि पाटी कशी लावायची

जयंती-पुण्यतिथीला हार घातला जातो आणि लोक घड्याळ बघतात. त्यापेक्षा कामाची तारीख पकडा, बोले रोडवाल्यांनी ४ ऑगस्ट, बाबू गेनू चौकवाल्यांनी १२ डिसेंबर. जागेवर उभं राहून सांगा, हॉलमध्ये नाही. चार मिनिटांच्या वर जाऊ नका. गणपतीत मंडळाचा देखावा ठरायच्या आधी, म्हणजे साधारण जूनमध्येच, मंडळाच्या पोरांशी बोला, ऑगस्टमध्ये गेलात तर कुठला तरी महाल आधीच ठरलेला असतो. आमच्या शेजारच्या मंडळाने एका वर्षी जिवंत देखावा केला, मुळशीचे शेतकरी आणि सेनापती, संवाद पोरांनी स्वतः लिहिले, मी फक्त तारखा तपासल्या.

सार्वजनिक रस्त्यावर पाटी लावायची तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, रहिवाशांच्या सह्या जोडा, मजकूर टाईप करून जोडा आणि पोच घ्या. नाव कधी आणि कुठल्या ठरावाने दिलं हे हवं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात हरवला होता, पोच होती म्हणून दुसऱ्यांदा लगेच घेतला. एवढं नको असेल तर सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवर, कमिटीचा ठराव करून, लावता येतं, आम्ही तेच केलं.

फ्लेक्स लावू नका, एका पावसाळ्यात पांढरा पडतो. स्टीलवर कोरून घ्या किंवा जुन्या पद्धतीची पत्र्याची इनॅमल पाटी बनवून घ्या. क्यूआर कोड लावायचा तर लावा पण मुख्य गोष्ट पाटीवरच लिहा, लिंक दोन-तीन वर्षांत बंद पडते. मजकूर चाळीस शब्दांच्या आत, थोर, महान, अजरामर हे शब्द काढून टाका, ती जागा तारखेला द्या. आमचा मजकूर असा आहे, हवा तर साचा म्हणून वापरा:

"सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट, पारनेर. मुळशी धरणात गावं बुडणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. त्या लढ्यात लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं."

छापायच्या आधी मराठी शिकवणाऱ्या कुणाला तरी ऱ्हस्व-दीर्घ तपासायला द्या, स्टीलवरची चूक पुसता येत नाही. मोबाईलच्या नकाशावर रस्त्याचं पूर्ण नाव नसेल तर दुरुस्ती सुचवा, मराठी विकिपीडियावर लेख नसेल तर पान नंबरसकट लिहा, ही दोन्ही कामं कॉलेजची मुलं एका संध्याकाळी करतात.

आणि पाटी पुसायचं काम आधीच कुणाला तरी नेमून द्या, नाहीतर सहा महिन्यांत तिच्यावर ट्यूशनची जाहिरात चिकटते. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी शनिवारी शाळेतून आल्यावर ओलं फडकं मारतात, आणि मारताना मजकूर मोठ्याने वाचतात कारण धाकटीला अजून जोडाक्षरं नीट येत नाहीत.